एलडी, एचडी आणि ब्रिस्टलचा स्फटिक

उल्हासनगरच्या प्लास्टिकच्या गाळ्यांत दोन शब्द दिवसभर कानांवर पडतात, एलडी आणि एचडी. दाण्याची गोणी उतरली की ती कोणती हे आधी विचारतात, कारण यंत्राचा हीटर कितीवर लावायचा ते त्यावरच ठरते. पिशवीचे तोंड चिकटवणाऱ्या पायाच्या सीलिंग यंत्रापाशी उभे राहिले तर हा फरक डोळ्यांना दिसतो. नायक्रोमची चपटी पट्टी, तिच्यावर ताणलेले टेफ्लॉनचे तपकिरी कापड आणि वरून येणारा रबराचा दाब, एवढेच ते यंत्र. एलडीची पिशवी ठेवून पाय दाबला की क्षणात तोंड जुळते. तेवढ्याच जाडीची एचडीची पिशवी तेवढ्याच वेळात जुळल्यासारखी वाटते, पण बोटाने ओढली की सुटते. तिच्यासाठी पट्टी आणखी तापवावी लागते.

दोन्ही पिशव्या पॉलिथिनच्याच, एलडी म्हणजे कमी घनतेच्या आणि एचडी म्हणजे जास्त घनतेच्या. दोन्हींत कार्बनची लांबच लांब साखळी आणि प्रत्येक कार्बनला दोन हायड्रोजन. तरी एलडी साधारण 105 ते 115 अंश सेल्सिअसला वितळते आणि एचडी 130 ते 135 अंशांना. शाळेत आपण द्रवणांक ही पदार्थाची ओळख म्हणून शिकतो. शुद्ध बर्फ शून्य अंशाला वितळतो, मग तो कुठलाही असो. मग एकाच साखळीच्या दोन पिशव्यांत वीस अंशांचे अंतर का? याचे उत्तर पदार्थाच्या घटकांपेक्षा त्यातल्या स्फटिकांच्या आकारात आहे. ते हाती आले 1957 साली, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात. नेमक्या त्याच सुमारास उल्हास नदीच्या काठी माणसाने बनवलेल्या धाग्याचे मोठे कारखाने उभे राहत होते, आणि ते कारखाने ज्या धाग्यावर चालत होते तो धागा मुळी वितळतच नव्हता. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तरच त्या दशकात काय घडले ते नीट कळते, असे मला वाटते.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्याच बराकींत आसरा मिळाला आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. पण उद्योग या पट्ट्याला नवा नव्हता. 1919 मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा गंधकाम्लाचा कारखाना अंबरनाथला होता. विमकोचा काडेपेट्यांचा कारखानाही 1920 च्या दशकात तिथेच आला. रेल्वे होती, नदीचे पाणी होते, मुंबईची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर होती. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन 1946 साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना मोहन्याला उभा राहिला. 1956 मध्ये शहाडला सेंच्युरी रेयॉनचा धागा निघू लागला. देशातला पहिला रेयॉन कारखाना त्रावणकोरचा, 1950 चा. म्हणजे अवघ्या सहा-सात वर्षांत कल्याणचा हा परिसर रेयॉनच्या नकाशावर ठळक झाला.

रेयॉन कसा होतो ते पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. लाकडाच्या लगद्याचे जाड ताव कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवायचे, पिळायचे, त्यांचा भुगा करायचा, तो काही काळ मुरू द्यायचा. मग त्याच्यावर कार्बन डायसल्फाइड सोडायचा. भुगा नारिंगी होतो. तो पुन्हा कॉस्टिकमध्ये विरघळवला की मधासारखा दाट व्हिस्कोज तयार होतो. हा व्हिस्कोज गाळून, हवा काढून, मुरवून बारीक छिद्रांच्या तोटीतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडायचा. आम्लात शिरताच कार्बन डायसल्फाइड सुटतो, मूळ सेल्युलोज परत मिळतो आणि धागा होतो. तो धागा वेगाने फिरणाऱ्या डब्यात गुंडाळला जाऊन त्याचा पोकळ गोल गठ्ठा होतो. कारखान्यात त्याला केक म्हणतात. ही रीत क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी 1892 साली शोधली. तिच्यातला कार्बन डायसल्फाइड मज्जासंस्थेला घातक आहे आणि जगभरच्या व्हिस्कोज कारखान्यांतल्या कामगारांनी त्याची किंमत मोजली आहे. हे सांगितल्याशिवाय रेयॉनचा इतिहास पुरा होत नाही.

हा सगळा पसारा एका अडचणीपोटी आहे. सेल्युलोज वितळत नाही. त्याच्या ताठ साखळ्या स्फटिकात हायड्रोजन बंधांनी एकमेकींना अशा बांधलेल्या असतात, की त्या सुटण्याआधी साखळीच जळू लागते. वितळवता येत नाही म्हणून विरघळवायचा, आणि सरळ विरघळतही नाही म्हणून आधी त्याचे रूप बदलायचे आणि नंतर ते परत आणायचे. नायलॉन आला तेव्हा उद्योगाला त्याचे एवढे अप्रूप का वाटले ते यावरून समजावे. नायलॉन-66 साधारण 265 अंशांना वितळतो. तो वितळवायचा, तोटीतून हवेत सोडायचा, थंड झाला की धागा तयार. पॉलिथिनचे तर त्याहून सोपे. ज्या पदार्थाचा स्फटिक वितळतो त्याला कारखान्यात कुंडे, आम्ले, मुरवणी काही लागत नाही. लागते ती उष्णता, आणि ती नेमकी किती हे ज्ञान.

त्या ज्ञानाचा एक धागा बराच जुना आहे. 1871 साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी दाखवले की थेंब जितका लहान, त्याचा पृष्ठभाग जितका वक्र, तितके त्यातले रेणू वाफ होऊन निसटायला उत्सुक. 1876 ते 1878 या काळात अमेरिकेत विलार्ड गिब्ज यांनी पृष्ठभागाच्या ऊर्जेचा हिशोब सर्वच अवस्थांसाठी मांडला. पुढे जे. जे. थॉमसन यांनीही तसाच निष्कर्ष काढला, आणि आज त्या समीकरणाला गिब्ज-थॉमसन हे नाव आहे. त्याचा गाभा असा. पृष्ठभागावरच्या रेणूला आतल्या बाजूने शेजारी असतात, बाहेरच्या बाजूने नसतात, म्हणून पृष्ठभाग राखायला ऊर्जा लागते. स्फटिक मोठा असेल तर आकारमानापुढे पृष्ठभाग नगण्य. स्फटिक लहान झाला की पृष्ठभागाचा वाटा वाढतो, घन राहणे महाग पडते आणि तो लवकर वितळतो. सोने 1064 अंशांना वितळते, पण दोन-तीन नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणाचा द्रवणांक शेकडो अंशांनी खाली येतो. जपानमध्ये ताकागी यांनी 1954 साली धातूंच्या अतिशय पातळ थरांवर हे इलेक्ट्रॉनच्या मदतीने प्रत्यक्ष पाहिले होते.

पण धातूचा कण गोल असतो, म्हणून तिथे त्रिज्येचा आणि वक्रतेचा प्रश्न येतो. पॉलिथिनचा स्फटिक कसा असतो, हेच 1957 पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते.

तेव्हाची समजूत अशी होती की लांब साखळ्या गुंतलेल्या असतात. काही ठिकाणी अनेक साखळ्या शेजारी-शेजारी सरळ आल्या की तिथे स्फटिकाचा लहानसा भाग होतो, आणि त्याच साखळ्या पुढे पुन्हा गुंत्यात शिरतात. हे चित्र 1930 च्या सुमाराचे. ते सोयीचे होते, म्हणून टिकले. 1938 मध्ये अमेरिकेत स्टॉर्क्स नावाच्या शास्त्रज्ञाने गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाच्या पातळ थरांवर काम करताना लिहून ठेवले होते, की साखळ्या मागे-पुढे घड्या घालत असाव्यात. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. इतिहासात असे वारंवार घडते आणि दर वेळी वाईट वाटते.

अँड्रयू केलर यांचा जन्म 1925 चा, बुडापेस्टचा. युद्धानंतर हंगेरी सोडून ते इंग्लंडला आले, काही वर्षे आयसीआय या रसायन कंपनीच्या मँचेस्टरमधल्या प्रयोगशाळेत राहिले आणि मग ब्रिस्टल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आले. तिथे चार्ल्स फ्रँक होते. स्फटिक कसे वाढतात या विषयात फ्रँक यांचा शब्द प्रमाण मानला जाई. त्याच काळात जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी कमी दाबावर पॉलिथिन बनवण्याची रीत शोधली होती. तिच्यातून फांद्या नसलेली सरळ साखळी मिळे. केलर यांनी असे सरळ पॉलिथिन झायलीनमध्ये अगदी विरळ विरघळवले आणि हळूहळू थंड होऊ दिले. द्रावण गढुळले. त्यातला एक थेंब इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या जाळीवर ठेवला तेव्हा दिसले ते समभुज चौकोनाच्या आकाराचे, रेखीव कडांचे, कागदासारखे सपाट स्फटिक. त्यांची लांबी-रुंदी मायक्रोमीटरच्या घरात आणि जाडी जेमतेम दहा नॅनोमीटर.

खरा धक्का पुढे होता. इलेक्ट्रॉनचे विवर्तन पाहिले तर साखळ्या त्या सपाट पृष्ठभागाला लंब उभ्या होत्या. आता हिशोब करा. एक लाख रेणुभाराच्या पॉलिथिनच्या साखळीत सात हजारांहून थोडे अधिक कार्बन असतात आणि ती ताणून सरळ केली तर सुमारे नऊशे नॅनोमीटर भरते. दहा नॅनोमीटरच्या जाडीत नऊशे नॅनोमीटरची साखळी उभी कशी राहणार? एकच मार्ग उरतो. साखळी वर जाते, वळते, खाली येते, पुन्हा वळते. लुगड्याच्या निऱ्या घालाव्यात तशी ती स्वतःवरच शंभरेक वेळा दुमडलेली असते. केलर यांचा हा लेख 1957 मध्ये फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला. त्याच वर्षी अमेरिकेत टिल आणि जर्मनीत फिशर यांनाही असेच स्फटिक स्वतंत्रपणे मिळाले होते, पण घड्यांचा अर्थ सर्वांत स्पष्टपणे मांडला तो केलर यांनी.

आता गिब्जच्या हिशोबाकडे परत येऊ. असा स्फटिक म्हणजे सपाट पापुद्रा. त्याच्या कडा अगदी लहान आणि वरचा-खालचा पृष्ठभाग प्रचंड, तोही घड्यांनी भरलेला. साखळीला तीव्र वळण द्यायला ऊर्जा लागते, म्हणून हा पृष्ठभाग महागडा. परिणामी गोल कणात त्रिज्येने जे काम केले असते ते इथे जाडी करते. पॉलिथिनसाठी आकडे घातले तर चित्र असे निघते. जाडी अमर्याद असेल तर द्रवणांक सुमारे 141 अंश. जाडी तीस नॅनोमीटर असेल तर 132 च्या आसपास, वीस असेल तर 128, आणि दहा असेल तर 115. जॉन हॉफमन आणि जेम्स वीक्स यांनी 1962 मध्ये याच नात्याचा उपयोग करून दाखवला. वेगवेगळ्या तापमानांना स्फटिक घडवायचे, प्रत्येकाचा द्रवणांक मोजायचा आणि त्या रेषेवरून अमर्याद जाड, प्रत्यक्षात कधीच हाती न येणाऱ्या स्फटिकाचा द्रवणांक काढायचा.

या आकड्यांतून एलडी-एचडीचे कोडे सुटते. आयसीआयने 1933 साली शोधलेले पॉलिथिन प्रचंड दाबाखाली बनते. त्या दाबात आणि तापमानात साखळीला जागोजागी लहान फांद्या फुटतात. फांदी स्फटिकात मावत नाही. दोन फांद्यांमधला सरळ तुकडा जेवढा, पापुद्रा साधारण तेवढाच जाड होऊ शकतो. म्हणून एलडीचे पापुद्रे पातळ, आणि पातळ म्हणून ते लवकर वितळतात. झिग्लरच्या रीतीने केलेल्या एचडीत फांद्या जवळजवळ नाहीत, पापुद्रे जाड होतात, पट्टीला अधिक तापावे लागते. अणू तेच, साखळी जवळपास तीच, अंतर फक्त फांद्यांचे आणि त्यातून आलेल्या काही नॅनोमीटरच्या जाडीचे.

हा दाणा भारतात आला तो याच काळात. 1959 मध्ये कोलकात्याजवळ रिश्रा इथे आयसीआयच्या सहकार्याने पॉलिथिन बनू लागले. 1960 च्या दशकात ट्रॉम्बेला युनियन कार्बाइडचा आणि 1968 मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा नॅफ्था क्रॅकर सुरू झाला. त्याच परिसरात पॉलिओलेफिन्सचा कारखाना एचडीही काढू लागला. कल्याण-उल्हासनगरच्या छोट्या उद्योजकाला आता कच्चा माल जवळूनच मिळत होता. रेयॉनला शेकडो एकर, नदी आणि बॉयलर लागत. पॉलिथिनला एक गाळा, विजेची जोडणी आणि दाणा वितळवणारे एक बॅरल पुरे. निर्वासितांनी हातात असेल ते घेऊन धंदा उभा करायची जी जिद्द या गावात दाखवली, तिला साजेसा हा पदार्थ होता. दाणा विकत घ्यायचा, वितळवायचा, फुगा काढायचा, पिशव्या कापायच्या.

फुगा काढण्यातही आकाराचेच गणित आहे. बॅरलमधून वितळलेले पॉलिथिन गोल डायमधून वर येते, आतून हवा फुंकतात, फुगा वर ओढला जातो आणि वर जाता जाता थंड होतो. थोड्या उंचीवर त्याची पारदर्शकता अचानक कमी होते, तिथे स्फटिक तयार होऊ लागलेले असतात. या ओढीत काही साखळ्या ताणल्या जातात. ताणलेल्या साखळ्यांचा असाच प्रयोग 1965 मध्ये हॉलंडमध्ये पेनिंग्ज यांनी द्रावण ढवळून केला होता. त्यांना मधोमध सरळ साखळ्यांची काडी आणि तिच्यावर आडवे रचलेले घडीचे पापुद्रे असे स्फटिक मिळाले. शास्त्रज्ञांनी त्याला शीग-कबाब असेच नाव दिले. मधली काडी घड्यांच्या महागड्या पृष्ठभागापासून मोकळी असल्यामुळे भोवतालचे पापुद्रे वितळल्यावरही टिकते. दोन वर्षांनी केलर आणि मेचिन यांनी फुग्याच्या फिल्ममध्येही ओळीने लागलेले असेच पापुद्रे दाखवले. पातळ एचडी पिशवी एका बाजूने ओढली की सरळ रेषेत टर्रकन फाटते आणि दुसऱ्या बाजूने तशी फाटत नाही, त्याचे मूळ या रचनेत आहे. वाहत्या बहुवारिकांच्या, म्हणजे अशा लांब साखळ्यांच्या पदार्थांच्या, अभ्यासाने पुढे महाराष्ट्रातही मूळ धरले. 1976 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आलेल्या रघुनाथ माशेलकरांचे बरेच संशोधन याच प्रांतातले.

वक्रतेचाही इथे एक वेगळा धडा आहे. केलर यांचे स्फटिक जाळीवर सपाट दिसले, पण द्रावणात ते सपाट नसतात हे 1959 पर्यंत ध्यानात आले. तिथे ते पोकळ पिरॅमिडसारखे असतात. वाळताना ते कोसळतात आणि त्यांच्यावर सुरकुत्या उमटतात. बॅसेट, फ्रँक आणि केलर यांनी हेही दाखवले की एकाच स्फटिकाच्या वेगवेगळ्या भागांत घड्यांची दिशा वेगळी असते. कोपरे छाटल्यासारखे दिसणाऱ्या स्फटिकांत ते छाटलेले भाग बाकीच्या भागांपेक्षा किंचित कमी तापमानाला वितळतात. काही बहुवारिकांचे पापुद्रे गुंडाळीसारखे वळतात, काहींचे पिळ्यासारखे फिरतात. कीथ आणि पॅडन यांनी त्याचे कारण घड्यांच्या गर्दीत शोधले. वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर ही गर्दी सारखी नसेल तर पापुद्रा एका बाजूला वाकतो. वाकलेल्या स्फटिकात ताण साठतो आणि ताण त्याला वितळण्याकडे ढकलतो. मात्र वळणाची त्रिज्या मायक्रोमीटरची आणि जाडी दहा-वीस नॅनोमीटरची असल्यामुळे या ताणाचा वाटा बहुधा अंशाच्या लहानशा भागाइतकाच पडतो. निकाल लावते ती जाडीच.

सगळ्यांनी घड्या निमूट मान्य केल्या असे मात्र झाले नाही. अमेरिकेतले पॉल फ्लोरी, ज्यांना 1974 चे नोबेल मिळाले, त्यांना नीटनेटक्या निऱ्या पटत नव्हत्या. त्यांचे म्हणणे असे, की साखळी पापुद्र्यातून बाहेर पडून शेजारीच परत शिरेल असे नाही. टेलिफोन एक्स्चेंजच्या फळीवरच्या तारांसारखी ती कुठेही जाऊन शिरेल. 1979 साली केंब्रिजमध्ये भरलेल्या फॅरडे चर्चासत्रात दोन्ही पक्ष समोरासमोर आले आणि वाद चांगलाच तापला. विरळ द्रावणातल्या स्फटिकात घड्या बऱ्याच नेटक्या असतात आणि वितळलेल्या मालातून घाईने घडलेल्या स्फटिकात त्या विस्कळीत असतात, अशा तडजोडीपर्यंत विषय हळूहळू आला. पृष्ठभाग नेटका असो वा विस्कळीत, तो महाग आहे आणि पातळ पापुद्रा लवकर वितळतो, यावर कोणाचाच आक्षेप नव्हता.

घड्यांशिवायचा स्फटिक करून हे नाते ताडून पाहण्याचे काम 1964 मध्येच झाले होते. वुंडरलिश आणि अराकावा यांनी वातावरणाच्या हजारो पट दाबाखाली पॉलिथिन स्फटिकवले तेव्हा साखळ्या जवळजवळ सरळ राहिल्या. पापुद्रे मायक्रोमीटरपर्यंत जाड झाले आणि द्रवणांक 140 अंशांच्या जवळ पोचला. पदार्थ बदललेला नव्हता, बदलली होती ती घडण.

म्हणून पॉलिथिनच्या तुकड्याचा द्रवणांक मोजणे म्हणजे त्या तुकड्याचा भूतकाळ वाचणे आहे. तो हळू थंड झाला असेल तर पापुद्रे जाड आणि आकडा वरचा. पाण्यात झटकन गार केला असेल तर पापुद्रे पातळ आणि आकडा खालचा. त्यातही एक अडचण आहे. मोजण्यासाठी हळूहळू तापवत नेले तर पातळ पापुद्र्यातल्या साखळ्या सरकतात, पापुद्रा मोजता-मोजता जाड होतो आणि आकडा वर सरकतो. त्यामुळे मोजमापाचा वेग लिहिल्याशिवाय द्रवणांक सांगण्यात अर्थ नाही. 1960 च्या दशकात पर्किन-एल्मरच्या वॉटसन आणि ओनील यांनी बनवलेले डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलोरीमीटर हे यंत्र प्रयोगशाळांत आले. काही मिलिग्रॅम माल तापवत नेऊन तो किती उष्णता घेतो त्याचा आलेख ते काढते, आणि हे वाचन त्याच्यामुळे नित्याचे झाले.

मोहन्याचा रेयॉनचा कारखाना 2009 मध्ये बंद पडला. शहाडचा सुरू आहे आणि 2018 पासून त्याचा कारभार ग्रासिमकडे आहे. तिथला धागा आजही आम्लाच्या कुंडातूनच निघतो, कारण सेल्युलोजचा स्वभाव बदललेला नाही. प्लास्टिकच्या गाळ्यांत मात्र आता भंगारातून केलेला दाणा मोठ्या प्रमाणात येतो आणि त्यात एलडी आणि एचडी मिसळलेले असतात. असा दाणा पुरता वितळवून, एकजीव करून हळू थंड केला आणि त्या आलेखाच्या यंत्रात ठेवला तर बहुधा एकच शिखर येत नाही. एक 110 च्या आसपास येते आणि दुसरे 130 च्या खाली-वर. वितळलेल्या अवस्थेत साखळ्या कितीही मिसळल्या तरी थंड होताना फांद्या नसलेल्या साखळ्या आधी आपले जाड पापुद्रे रचतात आणि फांद्यांच्या साखळ्या मागाहून आपले पातळ. बॅरलचा हीटर 130 च्या हिशोबाने लावला नाही तर पिशवीत न वितळलेले बारीक डाग राहतात. मिश्र माल चालवणारा कारागीर म्हणूनच दाणा कोणाचा आहे ते ऐकून घेतो आणि हीटर एचडीच्या अंदाजाने लावतो.